पाठमोरा

आमच्या आत्याला खोटं बोलता येत नाही, असं सांगितलं की लोक कौतुकाने मान डोलावतात. कौतुक करणाऱ्यांनी तिच्या हाताखाली चार दिवस काढून बघावेत. मी पाचवीत असताना एकदा गृहपाठ झाला नव्हता, म्हणून पोटात दुखतंय असं सांगून घरी राहिले. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, त्यामुळे शाळेला चिठ्ठी आत्यानेच लिहायची. तिने लिहिलं, ‘मुलीला ताप नाही. पोट तपासलं, मऊ आहे. गृहपाठ झालेला नाही.’ खाली सही. बाईंनी ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली. पुढची दोन वर्षं मला सगळे ‘मऊ पोट’ म्हणत होते.

आत्या मोठ्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होती. त्यातली शेवटची पंधरा वर्षं ती पुरुषांच्या सर्जरी वॉर्डाची सिस्टर. तिथले डॉक्टर बदलले, खाटा बदलल्या, भिंतींचा रंग तीनदा बदलला, पण आत्याची पद्धत बदलली नाही. आधी वेळ लिहायची, मग जे दिसलं ते, मग जे केलं ते. दिसलं नाही ते लिहायचं नाही. ‘रुग्ण रात्रभर शांत झोपला’ असं एखाद्या नव्या मुलीने लिहिलं की आत्या विचारायची, रात्रभर बघत बसली होतीस का? मुलगी रडकुंडीला यायची. मग तिला चहाही हीच पाजायची.

लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. आई गेल्यावर माझ्यासाठी म्हणून ती भावाच्या घरी राहायला आली, आणि माझं लग्न होऊन मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले तरी ती तिथेच राहिली. निवृत्त झाल्यावर तरी बाई जरा सैल पडेल असं वाटलं होतं. चार वर्षं पडलीही. मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच उरला, ‘हो’.

त्या दिवसापासून घराचा वॉर्ड झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर क्लिप लावलेला पुठ्ठा आला, त्यावर बाबांचा रोजचा तक्ता. सकाळी आठ वाजता रात्रपाळीची आत्या दिवसपाळीच्या आत्याला चार्ज द्यायची. दोन्ही सह्या हिच्याच. मी एकदा हसून म्हटलं, दिवसपाळीच्या बाईंची रात्रपाळीच्या बाईंबद्दल काही तक्रार नाही ना? ती गंभीरपणे म्हणाली, आहे, ती पाठीला पावडर लावायला विसरते. चार वर्षांत बाबांच्या पाठीला एक जखम झाली नाही. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे, ते ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनाच कळेल.

आणि मी? मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लोकांच्या तक्रारी लिहून घेते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि संध्याकाळी मी घरच्यांवर. दर रविवारी मी फळं घेऊन जायची, बाबांच्या उशाशी तासभर बसायची आणि लेक म्हणून आपलं झालं, असं समजून परत यायची. त्यांचं काही करायला गेले की आत्या म्हणायची, राहू दे, तुला घाई असते. मला ते बरंच वाटायचं, हे आज कबूल करते.

त्या मंगळवारी दुपारी जे झालं ते सांगण्याआधी आमचं घर सांगायला हवं. पुढे बसायची खोली, मध्ये स्वयंपाकघर, त्याला लागून एक अरुंद बोळ. बोळाच्या टोकाला मागच्या अंगणाचं दार, आणि त्याला खेटूनच डाव्या हाताला बाबांच्या खोलीचं दार. एका दारात उभं राहिलं तर दुसऱ्याची कडी हाताला लागते. पोलिसांनी नंतर टेप लावून मोजलं तेव्हा दोन दारांमधलं अंतर चौदा इंच भरलं. पुढचं सगळं या चौदा इंचांवर येऊन अडलं.

आत्या दुपारी पडली होती. बसायच्या खोलीतल्या कपाटाचा आवाज आला म्हणून उठली. मागच्या दाराची कडी नुसती लोटलेली होती, तिथून कुणीतरी आत आलं होतं. ओरडली असती तर गल्लीतलं कुणी ना कुणी आलं असतं. ती ओरडली नाही, दादा दचकेल म्हणून; बाबांना ती दादा म्हणायची. स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता उचलून तिथल्याच दारात उभी राहिली. तो माणूस बोळात आला, हातात बाबांचा जुना कॅमेरा. हिला बघून त्याने हिला भिंतीवर ढकललं. हिचं कोपर फुटलं. हिने त्याच्या उजव्या खांद्यावर बत्ता मारला. कॅमेरा पडला. तो हिच्या बाजूने पुढे घुसला, बोळाच्या टोकाकडे. तिथे दोन दारं. हिने दोन्ही हातांनी बत्ता धरला आणि मागून त्याच्या डाव्या कानामागे मारला.

तो पडला आणि पुढच्या मिनिटाला आत्या पुन्हा सिस्टर झाली. त्याला कुशीवर वळवलं, जखमेवर स्वच्छ कापड दाबलं, बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, अँब्युलन्सला फोन केला, मग पोलिसांना. आणि गाडी येईपर्यंत, जे फक्त तिलाच सुचावं ते तिने केलं. तक्त्याचा एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

‘२.४० अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस. पहिला घाव उजव्या खांद्यावर, समोरून. दुसरा घाव डाव्या कानामागे, माणूस पाठमोरा, हात रिकामे. लोखंडी बत्ता. २.४१ शुद्ध गेली. २.४८ एक उलटी. २.५२ डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी. नाडी मंद.’

खाली सही. तो कागद तिने त्याच्या शर्टाला पिनने लावला आणि गाडीवाल्यांना तोंडीही सगळं सांगितलं. रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करताना चार्ज द्यायचा असतो. तिला विचाराल तर यात वेगळं काहीच नव्हतं.

शेजारच्यांचा फोन आला म्हणून मी धावत पोचले, तेव्हा त्या माणसाला अँब्युलन्सने नेलेलं होतं आणि पोलीस यायचे होते. बोळात फिनाइलचा वास येत होता. आत्याने फरशी पुसून काढली होती. बत्ता घासून पालथा घातला होता. बाबांना पाणी पाजलं होतं. मी तिच्या अंगावरचे डाग बघून रडायला लागले, तर ती म्हणाली, तोंड धू, दादाला दिसू देऊ नकोस.

पोलिसांनी आल्याआल्या डोक्याला हात लावला. हवालदार म्हणाला, बाई, कशाला हात लावायचा नसतो, सगळा पुरावा धुतलात. आत्याचं म्हणणं, घाण तशीच ठेवून रुग्णाच्या खोलीत ये-जा कशी करणार? पंच म्हणून गल्लीतले झेरॉक्सवाले आणि समोरचे निवृत्त मास्तर यांना बोलावलं. टेप फिरली, फोटो निघाले, धुतलेला बत्ता पिशवीत घालून तिच्यावर लाखेची मोहर लागली. आत्याचे कपडे बदलून घेऊन तेही पिशवीत गेले. कोपराची जखम डॉक्टरकडून तपासून घ्यायला सांगितली. ती म्हणाली, मीच बघितली आहे, टाके नको आहेत. साहेब म्हणाले, तुम्ही बघून चालत नाही.

साहेब म्हणजे तपास करणारे अधिकारी. पन्नाशीला टेकलेले, सारखी पोटात जळजळ होणारे, खिशातून गोळी काढून चघळणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याच्यावर राग काढता आला असता. ठाण्यात त्यांनी आत्याला बाकावर न बसवता आपल्या टेबलासमोर खुर्ची दिली आणि जबाब स्वतः लिहायला घेतला. मला कळत होतं, ते वाट करून देत होते. तुम्ही एकट्या, घरात आजारी भाऊ, तो अंगावर आला, तुम्ही घाबरलात, असं ते सांगत होते आणि आत्याने फक्त मान हलवायची होती. खांद्यावरच्या घावापर्यंत ती हलवत होती. मग त्यांनी विचारलं, “आणि मग तो तुमच्या भावाच्या खोलीकडे निघाला. बरोबर?”

“कुठे निघाला होता ते मला माहीत नाही,” आत्या म्हणाली. “पाठमोरा होता.”

साहेबांनी पेन ठेवलं, गोळी तोंडात टाकली आणि मला म्हणाले, जरा यांना चहा वगैरे द्या, दहा मिनिटांनी लिहू. बाहेर जिन्यापाशी मी आत्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. स्वतःला आणि घरातल्या माणसाला वाचवायला मारलं तर कायदा माफ करतो, पण माणूस पळून चालला असेल तर नाही, हे मला तिथे दहा मिनिटांत कळलं होतं. म्हटलं, एवढं एक वाक्य. तो बाबांच्या खोलीकडे चालला होता, असं म्हण. कदाचित चाललाही असेल. ती म्हणाली, मला ते दिसलं नाही. मग मी म्हटलं, तुला आत टाकलं तर बाबांना कोण बघेल? तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला चांगला कळला. आत जाऊन तिने पुन्हा तेच सांगितलं. दुसरा घाव घालताना भीती होती की राग, हेही नीट सांगता येणार नाही, अशी वर पुस्ती जोडली.

त्या माणसाच्या डोक्याचं ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. डॉक्टरांनी पोलिसांना सांगितलं की कागदावर बाहुलीचं लिहिलं होतं म्हणून आम्ही तपासण्यांत वेळ न घालवता थेट टेबलावर घेतला, अजून तासभर गेला असता तर हाती लागला नसता. म्हणजे आत्याने मारलेला माणूस आत्याच्याच कागदामुळे वाचला. आणि तोच कागद दवाखान्याच्या फायलीतून साहेबांच्या फायलीत गेला. साहेबांनी तो आत्याला दाखवून विचारलं, तुम्ही तेव्हा घाबरलेल्या होतात, हात कापत होता, हे नक्की तुमचंच अक्षर आहे का? असा प्रश्न कुणी विचारला की कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? आत्याने चष्मा लावला, कागद वाचला आणि अक्षर आपलंच असून मजकूर बरोबर आहे, असं सांगितलं.

सहाव्या दिवशी तो शुद्धीवर आला. त्याला काही आठवत नव्हतं. सकाळी चहा प्यायलो, इथपर्यंतच. घर आठवत नव्हतं, आत्या आठवत नव्हती, दारं आठवत नव्हती. त्याच्या बायकोने मात्र ठाण्यात अर्ज दिला की माझ्या नवऱ्याला पाठीमागून मारलं, हे मारणारीनेच लिहून दिलंय. मी तिला ठाण्याच्या आवारात बघितलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, घाईत घातलेल्या. तिला शिव्या द्यायच्या म्हणून मी पुढे गेले होते. तिच्या पायांकडे बघितलं आणि परत फिरले.

आत्या रोज दुपारी दवाखान्यात जायची, बाबांजवळ शेजारच्या काकूंना बसवून. त्याच वॉर्डात, जिथे तिने पंधरा वर्षं काढली. त्या माणसाच्या खाटेशी पोलीस बसलेला, आणि हिला आत जायची मनाई. जिला हिने शिकवून तयार केलं ती सिस्टर बाहेर येऊन हिला ताप, नाडी, जेवला का, एवढं सांगायची. आत्या म्हणायची, पाठीला पावडर लावा. आणि परत यायची.

मग एका सकाळी साहेब स्वतः घरी आले. कागदांवरून त्यांना रस्ता सापडला होता. बाबांच्या खाटेवरून, दार उघडं असलं की बोळाचं टोक समोर दिसतं. म्हणजे साक्षीदार होता. बाबांनी जर सांगितलं की तो माणूस माझ्या खोलीत शिरत होता, तर आत्याने भावाच्या बचावासाठी मारलं, यात गुन्हा नाही, असा अहवाल ते पाठवू शकत होते. बोलता येत नसलं तरी हो-नाही कळलं तर पुरे. बाबांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा हवा का म्हटलं तरी ते हो म्हणतात, नको ना म्हटलं तरी हो. साहेबांना ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्यांनी खाटेजवळ खुर्ची ओढली, बाबांचा चांगला हात हातात घेतला आणि सावकाश विचारलं, “तो माणूस तुमच्या खोलीत येत होता का?”

“हो,” बाबा म्हणाले.

साहेबांनी पेन काढलं. मी बाबांच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात दारातून आत्याचा आवाज आला.

“आता उलट विचारा.”

साहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. लिहायला लागले.

“साहेब, बोलणं गेलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारून लिहीत नाहीत. उलट विचारा.”

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर काय बोलून बसले असते कुणास ठाऊक. साहेबांनी लिहायचं थांबवलं आणि ते बाबांकडे वळले. तो मागच्या दाराने बाहेर चालला होता का, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना काय दिसलं होतं ते त्यांना माहीत होतं. सांगायचंही होतं. पण तोंडातून तेवढंच बाहेर पडत होतं.

साहेब गेल्यावर मी आत्याला नको नको ते बोलले. तुला तुरुंगात जायची हौस आली आहे, तुला तुझ्या खरेपणाची टिमकी वाजवायची आहे, त्यात माझा बाप मरेल. हे शेवटचं मी खरंच बोलले. शब्दशः. आत्या ओट्याला पाठ लावून उभी होती. ती म्हणाली, “त्याला आठवत नाही. दादाला बोलता येत नाही. मी एकटीच उरले. मीपण सोयीचं सांगायला लागले, तर त्या माणसाच्या बाजूने कोण आहे?”

तो आपल्या घरात चोरी करायला आला होता, मी म्हटलं. हो, ती म्हणाली, तेही मी लिहून दिलंय.

गुरुवारी दुपारी तिला अटक झाली. बायकोचा अर्ज, डॉक्टरांचा जीवघेणी जखम असा दाखला, हिचा कागद आणि वरून झालेली विचारणा, यांपुढे साहेबांचं काही चाललं नाही. शुक्रवारपासून कोर्टाला सलग सुट्ट्या होत्या. जामिनाचा अर्ज मंगळवारी येणार होता. साहेबांनी बेड्या घातल्या नाहीत, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि तिला आवरायला अर्धा तास दिला. तिने तो अर्धा तास बाबांना पुसून, कपडे बदलून, कूस बदलून देण्यात घालवला. मग मला चार्ज दिला. औषधं, वेळा, कूस दर दोन तासांनी. आणि दारात पुन्हा वळून म्हणाली, “जेवताना पूर्ण बसवायचं. हनुवटी खाली. घास गिळला की नाही ते बघून मगच दुसरा. आडवं असताना पाण्याचा थेंब देऊ नकोस, त्याला गिळता येत नाही नीट. घाई करू नकोस, बाळ.”

मला बाळ म्हणायची ती मी चाळिशीची झाले तरी. बाबा तिच्याकडे बघत ‘हो, हो’ म्हणत होते.

दोन दिवस मी सगळं केलं. रजा टाकली, खाटेजवळ सतरंजी घातली. पण बाबा माझ्या हातून खाईनात. तोंड मिटून दाराकडे बघत बसायचे. एकेका जेवणाला दीड-दीड तास. त्यांना उचलून बसवायला आत्याला एक झटका पुरायचा, माझी कंबर मोडायची. मधेच वकिलाचा फोन, कार्यालयाचा फोन, कपडे, भांडी. रविवारी दुपारी ते खाटेवर खाली घसरलेले होते आणि वकील अकरा वाजल्यापासून कागद घेऊन या म्हणून मागे लागला होता. मी त्यांना वर ओढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कुणाला हाक मारली असती तर कुणी आलं असतं. मी डोक्याखाली दोन उशा सरकवल्या आणि तसंच भरवलं. त्या दिवशी ते तोंड उघडत होते. मला वाटलं, आज खातायत, बरं झालं. भराभर भरवलं. त्यांना ठसका लागला. मी पाणी पाजलं.

संध्याकाळी ताप चढला. सोमवारी दवाखान्यात नेलं. मंगळवारी सकाळी सात वाजता बाबा गेले.

त्याच मंगळवारी दुपारी आत्याला जामीन झाला. कोर्टाच्या आवारात ती हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पाच दिवसांत पाच वर्षांनी वाळल्यासारखी दिसत होती, पण केस नीट विंचरलेले. माझा चेहरा बघून तिला कळलं. तिने फक्त वेळ विचारली. मी सांगितली. मग रिक्षात बसल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं. घसरले होते, उशा लावल्या, आडवेच होते, ठसका लागला, वर पाणी पाजलं. काही लपवलं नाही. तिच्यापासून लपवायचं मी पाचवीतच सोडून दिलं होतं. तिने ओरडावं, मारावं, असं मला वाटत होतं. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. बाबांच्या खाटेवरची गादी तिने एकटीने उन्हात टाकली, संध्याकाळी आत आणली, पुन्हा पसरली आणि तिच्यावर स्वच्छ चादर घालून चारी कोपरे खोचले.

आठ दिवसांनी साहेब आले. या खेपेला वर्दीत नव्हते, पण फाइल होती. त्यांच्या प्रकरणातला साक्षीदार तपास चालू असताना वारला होता, आणि दवाखान्याच्या कागदावर ‘अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया’ असं लिहिलं होतं. वरच्यांनी शंका काढली होती. घरच्यांचा एक छोटा जबाब लागणार होता, मृत्यूत काही वावगं नाही एवढाच. बोलताना त्यांना संकोच वाटत होता. त्यांनी आधी गोळी चघळली, आत्याच्या तब्येतीची चौकशी केली, त्या माणसाला घरी सोडल्याचंही सांगितलं. काठी घेऊन चालतो, म्हणाले. आत्याने विचारलं, उजवा खांदा उचलतो का? ते माहीत नाही, म्हणाले.

मग त्यांनी फाइल उघडली आणि माझ्याकडे बघून विचारलं, त्या दिवसांत भरवत कोण होतं? मी म्हटलं, मी. कसं भरवत होता? हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी आठ दिवस याच प्रश्नाची वाट बघत होते. जे झालं ते सांगायचं, आणि होईल ते होऊ द्यायचं, असं मी ठरवलं होतं. आयुष्यात एकदा तरी या बाईची भाची म्हणून शोभावं, एवढंच मनात होतं. मी तोंड उघडलं.

“बसवून,” आत्या म्हणाली.

साहेबांनी मान वर केली.

“पूर्ण बसवून, हनुवटी खाली घेऊन भरवत होती. एकेक घास थांबून. हिची काही चूक नाही. असल्या आजारात होतं असं कधी कधी, कितीही जपलं तरी.”

मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांकडे बघत होती, वॉर्डात मोठ्या डॉक्टरांकडे बघायची तशी, सरळ. त्या पाच दिवसांत ती कुठे होती हे साहेबांइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच तिला आत ठेवलं होतं. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

“तुम्ही स्वतः बघितलंत?” त्यांनी विचारलं.

“हो,” आत्या म्हणाली.

भिंतीपलीकडे झेरॉक्सवाल्यांचं मशीन चालू होतं, ते थांबलं, पुन्हा चालू झालं. साहेबांनी लिहिलं. चार ओळी होत्या, त्या वाचून दाखवल्या. आत्याने चष्मा लावून स्वतः एकदा वाचल्या आणि खाली सही केली. मग मला म्हणाली, ऊठ, साहेबांना चहा टाक.